पैशाच्या पाउलखुणांचा माग काढणारा न्यायाधीश

जून १९७९ मध्ये सिसिली बेटाची राजधानी असलेल्या पालेर्मोच्या विमानतळावर दोन बेवारस सुटकेस सापडल्या. न्यूयॉर्कहून आलेल्या त्या सामानात सुमारे पाच लाख डॉलर रोख होते. शहराच्या गुन्हे शाखेचे प्रमुख बोरिस जुलियानो यांनी या पैशाचा माग काढण्यास प्रारंभ केला. जुलै महिन्यात एका सकाळी कॉफीच्या दुकानात उभे असताना पाठीमागून गोळ्या झाडून त्यांचा खून करण्यात आला. ते डॉलर कोणाचे आणि ते सिसिलीत कशासाठी आले, हे प्रश्न त्यांच्यासोबतच थांबतील अशी मारेकऱ्यांची अपेक्षा होती. पुढच्याच वर्षी मात्र ते प्रश्न जिओव्हानी फाल्कोने या न्यायाधीशांच्या टेबलावर आले आणि तेथून ते कधीच हलले नाहीत.

फाल्कोने यांचे नाव जगाला ठाऊक आहे ते माफियाने त्यांच्या केलेल्या निर्घृण हत्येमुळे. त्यांचे खरे कार्य मात्र त्या स्फोटाच्या धुरळ्यात काहीसे झाकले गेले आहे. गुन्हेगाराला पकडण्यासाठी त्याच्या पैशाचा पाठलाग करावा, तो पैसा ज्या देशात जाईल त्या देशाच्या न्यायासनापर्यंत आपण जावे, आणि शिक्षेबरोबर त्याची संपत्तीही काढून घ्यावी, हा मार्ग त्यांनी स्वतः चालून दाखविला. ते निघाले तेव्हा या मार्गावर पुरेसे करार नव्हते, कायदे अपुरे होते आणि परदेशी बँकांची दारे बंद होती. आज जगातील बहुतेक राष्ट्रे ज्या आंतरराष्ट्रीय करारान्वये गुन्ह्याच्या पैशावर टाच आणतात, त्या कराराला त्यांच्याच शहराचे नाव आहे.

दिवाळखोरीच्या कागदांतून

फाल्कोने यांचा जन्म मे १९३९ मध्ये पालेर्मोच्या काल्सा या जुन्या वस्तीत झाला. वडील प्रांतिक रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. घर मध्यमवर्गीय, शिस्तीचे आणि धार्मिक वळणाचे. दोन बहिणींच्या पाठीवरचा हा मुलगा ज्या गल्ल्यांत खेळला, त्याच गल्ल्यांत पाओलो बोर्सेलिनोही वाढत होते. पुढे न्यायालयात आणि अखेरीस मृत्यूतही त्यांची सोबत करणारे बोर्सेलिनो त्यांच्यापेक्षा काही महिन्यांनी लहान होते. त्याच गल्ल्यांतील काही मुले पुढे माफियाच्या टोळ्यांत गेली. पालेर्मोत माफिया ही दूरची गोष्ट नव्हती. ती शेजारच्या घरात राहत होती आणि तिच्याविषयी मोठ्याने बोलायचे नसते हे लहान मुलांनाही कळत होते.

लिव्होर्नो येथील नौदल अकादमीत काही काळ घालविल्यानंतर फाल्कोने कायद्याच्या अभ्यासाकडे वळले. १९६१ मध्ये पालेर्मो विद्यापीठाची पदवी मिळाली आणि १९६४ मध्ये ते न्यायसेवेत दाखल झाले. लेन्तिनी या छोट्या गावी पहिली नेमणूक झाली, त्यानंतर सुमारे बारा वर्षे त्रापानी येथे काढून १९७८ मध्ये ते पालेर्मोला परतले. तेथे त्यांच्याकडे दिवाळखोरीची प्रकरणे सोपविण्यात आली. फौजदारी न्यायाधीशाच्या दृष्टीने हे काम रूक्ष होते, परंतु फाल्कोने यांचे खरे शिक्षण येथेच झाले. ताळेबंद कसा वाचावा, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलेली रक्कम कशी ओळखावी, कागदावर असलेली आणि प्रत्यक्षात नसलेली कंपनी कशी हुडकावी, हे सारे त्यांनी या काळात आत्मसात केले.

सप्टेंबर १९७९ मध्ये न्यायाधीश चेझारे तेरानोव्हा यांची हत्या झाली. त्यानंतर फाल्कोने यांनी तपास विभागात बदली मागून घेतली. इटलीच्या त्या वेळच्या पद्धतीनुसार गंभीर गुन्ह्यांचा तपास न्यायाधीश स्वतःच करीत असत. या विभागाचे प्रमुख रोक्को किनिची यांनी १९८० च्या मे महिन्यात त्यांच्याकडे रोझारियो स्पातोला या बांधकाम व्यावसायिकाचे प्रकरण दिले. तरुणपणी दूध विकणारा हा माणूस पाहता पाहता पालेर्मोतील बडा कंत्राटदार झाला होता आणि न्यूयॉर्कच्या गाम्बिनो टोळीशी त्याचे नातेसंबंध होते. या टोळक्याच्या अटकेच्या आदेशावर सही करणारे मुख्य सरकारी वकील गाएतानो कोस्ता यांचा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भर रस्त्यात खून झाला. या प्रकरणाला हात लावण्याची किंमत काय आहे, हे फाल्कोने यांना पहिल्याच उन्हाळ्यात कळून चुकले.

साक्षीदार बोलत नव्हते आणि बोलणारे जगत नव्हते. तेव्हा फाल्कोने यांनी माणसांऐवजी कागदांना बोलते करण्याचे ठरविले. पालेर्मो आणि त्रापानी परिसरातील बँकांना पत्रे पाठवून १९७५ पासून परकीय चलन बदलून घेतल्याच्या पावत्या त्यांनी मागविल्या. बँकांमध्ये खळबळ उडाली, दबाव आला, पण ते मागे हटले नाहीत. आलेल्या गठ्ठ्यांमधून एकेक पावती आणि एकेक धनादेश तपासून त्यांनी हाताने नोंदी केल्या. हळूहळू चित्र स्पष्ट होत गेले. तुर्कस्तान आणि त्यापलीकडून येणारा मॉर्फिनचा कच्चा माल सिसिलीतील छुप्या प्रयोगशाळांत हेरॉइन होत होता. हेरॉइन अमेरिकेत जात होते. तेथील रस्त्यांवर जमलेले डॉलर वेगवेगळ्या वाटांनी परत येऊन पालेर्मोच्या इमारतींत मुरत होते.

अटलांटिकच्या दोन तीरांवर

हे चित्र अर्धेच होते. माल जेथे विकला जात होता आणि पैसा जेथे जमा होत होता, ती ठिकाणे इटलीच्या न्यायालयाच्या कक्षेबाहेर होती. कायद्याने सांगितलेला मार्ग म्हणजे न्यायालयीन विनंतीपत्र. न्यायाधीशाने ते लिहायचे, मंत्रालयाने ते परराष्ट्र खात्याकडे द्यायचे, दूतावासाने ते दुसऱ्या देशाच्या मंत्रालयात पोहोचवायचे, तेथून ते स्थानिक न्यायाधीशाकडे जायचे, आणि उत्तर पुन्हा याच पायऱ्या उतरून यायचे. या प्रवासात महिनोन् महिने जात. पैसा मात्र एका दूरध्वनीसरशी खाते बदलत असे.

डिसेंबर १९८० मध्ये फाल्कोने स्वतःच न्यूयॉर्कला गेले. तेथील सरकारी वकील आणि तपास अधिकारी सिसिलियन टोळ्यांचे दुसरे टोक धरून बसले होते. दोन्ही बाजूंच्या फायली एका टेबलावर आल्या तेव्हा, दोन देश जी दोन वेगळी प्रकरणे समजत होते ते एकच प्रकरण असल्याचे दिसून आले. इटालियन बँकबुडवा मिकेले सिंदोना हा १९७९ मध्ये अमेरिकेत खटल्याच्या तोंडावर असताना अपहरणाचा बनाव रचून सिसिलीत लपला होता आणि त्याला आसरा देणाऱ्यांत स्पातोलाचे टोळके होते, ही गोष्टही याच तपासात उलगडली. उच्चभ्रू बँकिंग आणि रस्त्यावरचे हेरॉइन यांच्यातील अंतर किती थोडे आहे, हे त्यातून जगासमोर आले. स्पातोला प्रकरणी शंभराहून अधिक जणांवर आरोप ठेवण्यात आले आणि १९८३ मध्ये त्यांपैकी अनेकांना शिक्षा झाल्या. पालेर्मोत माफियाच्या खटल्यांचा शेवट बहुधा पुराव्याअभावी सुटकेत होत असे. त्या पार्श्वभूमीवर हा निकाल अभूतपूर्व होता.

मधल्या काळात इटलीच्या कायद्यातही मोठा बदल झाला. पिओ ला तोरे या कम्युनिस्ट खासदाराने माफियाच्या संपत्तीवर घाव घालणारे विधेयक मांडले होते. ३० एप्रिल १९८२ रोजी त्यांची हत्या झाली. माफियाशी लढण्यासाठी पालेर्मोला धाडलेले जनरल कार्लो आल्बर्तो दाल्ला किएझा यांना ३ सप्टेंबर रोजी पत्नीसह ठार करण्यात आले. त्यानंतर अवघ्या दहा दिवसांत संसदेने रोन्योनी-ला तोरे कायदा मंजूर केला. माफियासदृश टोळीचे सदस्यत्व हाच स्वतंत्र गुन्हा ठरला. संशयिताची मालमत्ता त्याच्या उत्पन्नाशी विसंगत असेल आणि तिचा वैध उगम तो दाखवू शकला नाही, तर न्यायालयाला ती जप्त करता येऊ लागली. यासाठी शिक्षा झालेली असणे आवश्यक नव्हते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इटली आणि अमेरिका यांच्यात परस्पर कायदेशीर साह्याचा करार झाला आणि १९८५ पासून तो अमलात आला. फाल्कोने यांनी व्यक्तिगत ओळखीच्या बळावर जे सुरू केले होते, त्याला आता कराराचा आधार मिळाला.

जुलै १९८३ मध्ये किनिची यांना घराच्या दारातच मोटारबॉम्बने उडविण्यात आले. त्यांच्या जागी आलेल्या आंतोनिनो कापोनेत्तो यांनी न्यायाधीशांचा एक गट स्थापन केला. एकाला मारून तपास थांबू नये म्हणून प्रत्येक माहिती सर्वांनाच असावी, हे त्यामागचे सूत्र होते. फाल्कोने, बोर्सेलिनो, जुझेप्पे दी लेल्लो आणि लिओनार्दो ग्वार्नोत्ता हे त्या गटाचे सदस्य.

तोमासो बुशेत्ता हा माफियाचा बडा सदस्य ब्राझीलमध्ये पकडला गेला तेव्हा फाल्कोने तेथेही गेले. १९८४ च्या जुलैमध्ये बुशेत्ताचे इटलीकडे प्रत्यार्पण झाले. टोळीयुद्धात त्याचे दोन मुलगे आणि अनेक आप्त मारले गेले होते. त्याने मौन सोडले. पुढील कित्येक आठवडे फाल्कोने त्याची जबानी स्वतःच्या हाताने लिहून घेत होते. माफिया ही विखुरलेल्या टोळ्यांची गर्दी नसून तिला एकच रचना आणि एकच वरिष्ठ मंडळ आहे, हे त्या जबानीतून प्रथमच आतल्या माणसाच्या तोंडून समजले. मात्र कबुलीवर विसंबून राहण्याचा फाल्कोने यांचा स्वभाव नव्हता. प्रत्येक विधानाला धनादेश, विमानाचे तिकीट किंवा दूरध्वनीची नोंद यांचा आधार मिळेपर्यंत ते त्याला पुरावा मानीत नसत.

बुशेत्ताने पुढे न्यूयॉर्कच्या न्यायालयातही साक्ष दिली. पिझ्झाच्या दुकानांआड हेरॉइन विकणाऱ्या टोळीचा हा खटला पिझ्झा कनेक्शन या नावाने गाजला आणि सुमारे सतरा महिने चालून मार्च १९८७ मध्ये संपला. टोळीचा म्होरक्या गाएतानो बादालामेन्ती याला स्पेनमध्ये पकडून अमेरिकेच्या हवाली करण्यात आले होते. त्याला ४५ वर्षांची शिक्षा झाली. इकडे पालेर्मोत तुरुंगालगत खास बांधलेल्या तटबंद न्यायालयात १० फेब्रुवारी १९८६ रोजी ४७५ आरोपींचा महाखटला सुरू झाला. त्याचे आरोपपत्र पूर्ण करण्यासाठी फाल्कोने आणि बोर्सेलिनो यांना जिवाच्या भीतीने कुटुंबीयांसह आसिनारा या तुरुंगबेटावर ठेवण्यात आले होते आणि नंतर त्या मुक्कामाचे बिलही सरकारने त्यांच्याकडून वसूल केले. १६ डिसेंबर १९८७ रोजी निकाल लागला. १९ जणांना जन्मठेप आणि इतरांना मिळून २,६६५ वर्षांचा कारावास ठोठावण्यात आला.

स्वित्झर्लंडची भिंत

माणसे तुरुंगात गेली, पण पैसा बाहेरच होता. पिझ्झा कनेक्शनच्या तपासात पाच, दहा आणि वीस डॉलरच्या नोटांनी भरलेल्या बॅगा न्यूयॉर्कच्या दलाली पेढ्यांत जमा होऊन रकमा स्वित्झर्लंडला गेल्याचे आढळले होते. तेथून त्या इटलीत आणि इतरत्र पसरत. स्वित्झर्लंडमध्ये पैशाचा माग लुप्त होत असे.

स्विस कायदा मदतीला सर्वस्वी तयार नव्हता, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९८३ पासून त्या देशात परकीय न्यायालयांना साह्य देण्याचा स्वतंत्र कायदा अमलात होता आणि गंभीर गुन्ह्यांच्या तपासात बँकेची गुप्तता आड येत नसे. अडचण दुसरीच होती. ज्या कृत्याच्या तपासासाठी मदत मागितली जाते, ते दोन्ही देशांत गुन्हा असले पाहिजे, असा दंडक होता. माफियाचे सदस्यत्व हा इटलीतला गुन्हा स्विस दंडसंहितेत नव्हता. काळा पैसा पांढरा करणे हाही तेथे १९९० पर्यंत स्वतंत्र गुन्हा नव्हता. करचुकवेगिरीसाठी तर मदत मिळतच नसे. त्यामुळे पैसे बाळगणारा हा पैसा हेरॉइनचा नसून केवळ कर चुकवून आणलेला आहे, असा पवित्रा घेऊ शकत होता आणि त्याला खोटे पाडण्याची जबाबदारी मदत मागणाऱ्यावर येत होती.

या भिंतीला फाल्कोने यांनी दार पाडले ते पावत्यांच्या बळावर आणि माणसांच्या विश्वासावर. इटालियन भाषक तिचिनो प्रांतातील सरकारी वकील पाओलो बेर्नास्कोनी आणि नंतर कार्ला देल पाँते यांच्याबरोबर त्यांचे घनिष्ठ सहकार्य जुळले. विनंतीपत्रात केवळ संशय न लिहिता कोणत्या दिवशी, कोणत्या खात्यातून, किती रक्कम, कोणत्या मालाच्या बदल्यात गेली हे मांडायचे, म्हणजे स्विस न्यायाधीशाला नकार देण्यास जागा उरणार नाही, ही त्यांची पद्धत होती. स्वित्झर्लंडमध्ये पैसा पांढरा करण्याविरुद्धच्या कलमाचा प्राथमिक मसुदा बेर्नास्कोनी यांनीच तयार केला आणि १ ऑगस्ट १९९० पासून ते कलम लागू झाले. पुढे स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च सरकारी वकील आणि युगोस्लाव्हिया युद्धगुन्हे न्यायाधिकरणाच्या मुख्य अभियोक्त्या झालेल्या देल पाँते यांच्या कारकिर्दीचा पायाही याच वर्षांत घातला गेला.

या सहकार्याची माफियाला किती धास्ती वाटत होती, हे २१ जून १९८९ रोजी दिसले. पालेर्मोजवळ आद्दाउरा येथे समुद्रकाठी फाल्कोने यांनी भाड्याने घेतलेल्या घरासमोरच्या खडकांवर अंगरक्षकांना एक बॅग आढळली. तीत स्फोटकांच्या ५८ कांड्या होत्या. त्या दिवसांत देल पाँते आणि त्यांचे स्विस सहकारी क्लाउदिओ लेमान हे आर्थिक तपासासाठी पालेर्मोत आले होते आणि फाल्कोने यांचे पाहुणे होते. तो स्फोट झाला असता तर दोन देशांतील तपासाचे धागे एकाच वेळी तुटले असते.

एकाकी लढा

याच काळात स्वदेशात मात्र फाल्कोने एकाकी पडत चालले होते. कापोनेत्तो निवृत्त होत असताना त्यांच्या जागी फाल्कोने येतील, हे सर्वांनी गृहीत धरले होते. १९ जानेवारी १९८८ रोजी न्यायाधीशांच्या सर्वोच्च परिषदेने १० विरुद्ध १४ मतांनी त्यांना डावलून ज्येष्ठतेच्या निकषावर आंतोनिनो मेली यांची निवड केली. मेली यांना माफियाच्या तपासाचा अनुभव नव्हता. त्यांनी प्रकरणे वेगवेगळ्या न्यायाधीशांकडे वाटून दिली आणि एकत्रित तपासाचे सूत्र तुटले. आद्दाउराचा बॉम्ब फाल्कोने यांनी प्रसिद्धीसाठी स्वतःच ठेवविला, अशी कुजबुजही पालेर्मोत सुरू झाली. मारेकऱ्यांनी सोडलेले काम निंदकांनी हाती घेतले होते.

१९९१ च्या मार्चमध्ये त्यांनी रोमच्या कायदा मंत्रालयातील फौजदारी विभागाचे संचालकपद स्वीकारले. न्यायासन सोडून सत्तेच्या आश्रयाला गेल्याची टीका झाली. त्यांनी तिकडे दुर्लक्ष करून दोन नव्या यंत्रणांची उभारणी केली. सर्व पोलीस दलांना एकत्र आणणारी माफियाविरोधी तपास संस्था आणि देशभरातील माफिया तपासाचा समन्वय साधणारे राष्ट्रीय अभियोक्ता कार्यालय या त्या यंत्रणा. पालेर्मोत मोडलेला एकत्रित तपासाचा प्रयोग त्यांनी देशपातळीवर पुन्हा उभा केला. ३० जानेवारी १९९२ रोजी इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने महाखटल्याचा निकाल कायम केला आणि माफियाची सुटकेची शेवटची आशा संपली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये व्हिएन्ना येथे संयुक्त राष्ट्रांच्या गुन्हे प्रतिबंध आयोगाचे पहिले अधिवेशन भरले. इटलीच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व फाल्कोने यांच्याकडे होते. १९८८ च्या व्हिएन्ना करारामुळे अमली पदार्थांच्या पैशावर सीमेपलीकडेही टाच आणण्याची सोय झाली होती. १९९० मध्ये युरोपीय राष्ट्रांनी स्ट्रासबर्ग येथे अशाच स्वरूपाचा व्यापक करार केला होता. संघटित गुन्हेगारी मात्र एका खंडापुरती किंवा एका व्यापारापुरती नाही. म्हणून तिच्याविरुद्ध साऱ्या जगाने एकत्र यावे आणि त्यासाठी जागतिक परिषद बोलवावी, हा आग्रह त्यांनी तेथे धरला.

कापाची

२३ मे १९९२, शनिवार. फाल्कोने पत्नी फ्रान्चेस्का मोर्व्हिलो यांच्यासह रोमहून विमानाने पालेर्मोला उतरले. मोर्व्हिलो स्वतःही न्यायाधीश होत्या. मोटार फाल्कोने स्वतः चालवीत होते. संध्याकाळी सहाच्या सुमारास कापाची गावाजवळ महामार्गाखालच्या मोरीत पेरलेल्या सुमारे ५०० किलो स्फोटकांचा भडका उडाला. रस्ताच उखडला गेला. व्हितो स्किफानी, रोक्को दिचिलो आणि आंतोनिओ मोंतिनारो हे पुढच्या मोटारीतील तिघे अंगरक्षक जागीच ठार झाले. फाल्कोने आणि त्यांच्या पत्नी यांचा त्याच दिवशी रुग्णालयात अंत झाला. त्यांचे वय ५३ वर्षे होते. ५७ दिवसांनी, १९ जुलै रोजी, बोर्सेलिनो यांनाही पाच अंगरक्षकांसह मोटारबॉम्बने ठार करण्यात आले.

माफियाची ही चाल तिच्यावरच उलटली. पालेर्मोच्या घराघरांतून निषेधाच्या पांढऱ्या चादरी लटकल्या. ज्या शहरात माफियाचे नाव उच्चारले जात नसे तेथे हजारो लोक रस्त्यावर उतरले. हत्येचा सूत्रधार साल्वातोरे रीइना जानेवारी १९९३ मध्ये पकडला गेला, तर स्फोटाची कळ दाबणारा जिओव्हानी ब्रुस्का १९९६ मध्ये. ज्या विमानतळावर १९७९ मध्ये डॉलरच्या सुटकेस सापडल्या होत्या, त्याला आज फाल्कोने-बोर्सेलिनो यांचे नाव आहे.

मृत्यूनंतरचा करार

व्हिएन्नात मांडलेली कल्पना मागे पडली नाही. नोव्हेंबर १९९४ मध्ये नेपल्स येथे संघटित गुन्हेगारीवर जागतिक मंत्रिपरिषद भरली. नोव्हेंबर २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने आंतरराष्ट्रीय संघटित गुन्हेगारीविरोधी करार मंजूर केला आणि डिसेंबरमध्ये तो सह्यांसाठी खुला झाला तो पालेर्मो शहरात. सप्टेंबर २००३ मध्ये तो अमलात आला.

या करारातील तरतुदी वाचताना फाल्कोने यांना आलेल्या एकेका अडथळ्याची आठवण होते. टोळीत सहभागी होणे आणि गुन्ह्याचा पैसा पांढरा करणे हे प्रत्येक सदस्य देशाने गुन्हे ठरवावेत. बँकेची गुप्तता ही मदत नाकारण्याची सबब होऊ नये. एका देशाने जप्तीची विनंती केल्यास दुसऱ्याने स्वतःच्या न्यायालयाकडून तसा आदेश मिळवावा किंवा परकीय न्यायालयाचा आदेश आपल्या भूमीवर अमलात आणावा. मूळ रक्कम दुसऱ्या मालमत्तेत गुंतविली असेल तर ती मालमत्ता जप्त करावी. जप्त केलेला पैसा पीडितांच्या भरपाईसाठी मागणाऱ्या देशाला परत करण्यास प्राधान्य द्यावे. ऑक्टोबर २०२० मध्ये या कराराच्या सदस्य राष्ट्रांनी व्हिएन्ना येथे संमत केलेला एक ठराव फाल्कोने ठराव याच नावाने ओळखला जातो.

भारताने या करारावर डिसेंबर २००२ मध्ये सही केली आणि मे २०११ मध्ये त्याला मान्यता दिली. सक्तवसुली संचालनालय ज्या पीएमएलए कायद्यान्वये मालमत्तांवर टाच आणते, तो २००२ चा कायदा जुलै २००५ पासून लागू झाला. परदेशाच्या विनंतीवरून येथील आणि आपल्या विनंतीवरून तेथील मालमत्ता जप्त करण्यासाठी त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. मुंबईकरांना या प्रश्नाचे मर्म वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ जणांचे प्राण गेले आणि कटाचे सूत्रधार सीमेपलीकडे निघून गेले. दाऊद इब्राहिमशी संबंधित भेंडी बाजार परिसरातील मालमत्तांचा लिलाव नोव्हेंबर २०१७ मध्ये, म्हणजे चोवीस वर्षांनी, होऊ शकला. तो १९७६ च्या तस्करविरोधी कायद्याच्या आधारे आणि आपल्याच हद्दीतील इमारतींचा. सीमेपलीकडच्या पैशाची गोष्ट निराळी आहे.

अपुरे राहिलेले काम

करार झाले म्हणून काम झाले असे मात्र नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाने २०११ मध्ये केलेल्या अंदाजानुसार, २००९ या वर्षी जगात सुमारे १.६ लाख कोटी डॉलर इतका गुन्ह्याचा पैसा पांढरा करण्यात आला आणि त्यातील एक टक्काही जप्त होऊ शकला नाही. इटलीसारखी, शिक्षेविना होणारी जप्ती अनेक देशांना वर्षानुवर्षे मान्य नव्हती. आरोप सिद्ध होण्यापूर्वी मालमत्ता काढून घेणे न्याय्य आहे काय, हा त्यांचा सवाल रास्तच आहे आणि प्रत्येक लोकशाहीला त्याचे उत्तर द्यावे लागते. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये असा एक इटालियन आदेश आपल्या भूमीवर अमलात आणण्यास मान्यता दिली. डिसेंबर २०२० पासून युरोपीय संघात एका देशाचा गोठवणुकीचा वा जप्तीचा फौजदारी आदेश दुसऱ्याने थेट मानण्याचा नियम लागू आहे. त्यातही संघाबाहेरची राष्ट्रे येत नाहीत, आणि पैशाला ती राष्ट्रे कोणती हे नेमके ठाऊक असते.

फाल्कोने यांच्याजवळ यातील बहुतेक साधने नव्हती. त्यांच्याजवळ होत्या त्या बँकेच्या पावत्या, हाताने लिहिलेल्या वह्या आणि सीमेपलीकडे आपल्यासारखाच विचार करणारा एखादा न्यायाधीश सापडेल हा विश्वास. त्यांच्या पश्चात कायदे आले आणि कार्यालये आली. तरीही विनंतीपत्र वाचणाऱ्या अधिकाऱ्याने ते महिनाभर टेबलावर ठेवले तर खाते रिकामे होते. करार दार उघडतो. त्या दारातून वेळेवर आत जाण्यासाठी अजूनही माणूसच लागतो.

सिसिलीत याचे फळ काही ठिकाणी डोळ्यांनी पाहता येते. १९९६ मध्ये, दहा लाख नागरिकांच्या सह्यांच्या मोहिमेनंतर, जप्त मालमत्ता समाजकार्यासाठी देण्याचा कायदा इटलीत झाला. कापाचीच्या स्फोटाची कळ दाबणारा ब्रुस्का ज्या सान जुझेप्पे यातो गावचा, त्या परिसरातील माफियाच्या जप्त जमिनींवर प्लाचिदो रिझोत्तो यांच्या नावाची सहकारी संस्था गहू आणि द्राक्षे पिकविते. रिझोत्तो हे माफियाने १९४८ मध्ये मारलेले शेतमजुरांचे कार्यकर्ते. ज्या जमिनीकडे गावकरी मान वर करून पाहत नसत, तेथे आता कायदेशीर मजुरी मिळते आणि पिकलेला गहू बाजारात उघडपणे विकला जातो.